भावोजींची पहिली बस

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या सादाएताईचे यजमान कोइबुची इवाओ, यांचा जन्म ट्रकच्या स्टिअरिंगमागे गेला. लाकडाचे ओंडके, सफरचंदं, सिमेंटच्या गोण्या, एकदा तर एका देवळाची आख्खी घंटा, म्हणाल ते त्यांनी वाहिलं. आमच्या डोंगरातला असा एक घाट नाही जो त्यांना तोंडपाठ नाही. पण बस? सत्तरी उलटली तरी हा माणूस बसमध्ये म्हणून चढला नव्हता. "बस म्हणजे ज्यांना चालवता येत नाही त्यांची सोय," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना हटकून माझ्याकडे बघायचे, कारण मला चालवता येत नाही.

मी मित्सुए. होरिनोसावा स्टेशनसमोर माझं बायकांचे केस कापायचं आणि कुरळे करायचं दुकान आहे. दिवसभर कात्री आणि तोंड दोन्ही चालू. गिऱ्हाईक गप्प बसलं तर त्याच्या वाटचंही मीच बोलते. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर त्या दिवशी माझ्यावर काय प्रसंग गुदरला ते कुणाला कळायचं नाही.

झालं असं की वसंतात भावोजींनी स्वतःच्याच अंगणातल्या जर्दाळूच्या झाडाला गाडी धडकवली. झाडाला काही झालं नाही, ते उलट त्या वर्षी जास्तच फळलं. गाडीचं नाक मात्र पार आत गेलं. भावोजींचं म्हणणं, झाड पुढे सरकलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी काही बोलायच्या आत, ते इस्त्रीचा शर्ट घालून पोलीस चौकीत गेले आणि परवाना परत करून आले. "झाडाच्या जागी कुणाचं पोर असतं तर," एवढंच ताईला म्हणाले. माणूस हेकट आहे, पण वाईट नाही.

पोलिसांनी परवान्याला भोक पाडून तो आठवण म्हणून परत दिला. भावोजींनी तो नेऊन घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्यात वडिलांच्या फोटोशेजारी ठेवला. रोज सकाळी वडिलांना भाताची वाटी, परवान्याला भाताची वाटी. वडिलांना एक उदबत्ती, परवान्याला दोन. वडिलांशी त्यांचं फारसं जमत नव्हतं.

गाडीही विकून टाकली. आणि मग हा माणूस रिकाम्या गॅरेजमध्ये घडीची खुर्ची टाकून बसायला लागला. तोंड रस्त्याकडे, दोन्ही हात मांडीवर, गळ्यात ट्रकवाल्याचा टॉवेल. सकाळी बसायचे ते जेवायलाच उठायचे. येणारे-जाणारे विचारायचे, "काय इवाओसान, कुठे निघालात?" भावोजी म्हणायचे, "सिग्नल मिळू दे." पहिल्या दिवशी लोक हसले. महिन्याने कुणी हसेना. फाटकाच्या बाहेर पाय टाकायचा नाही म्हणजे नाही. दाढीचा साबण संपला तर दाढी वाढली, पण दुकानापर्यंत गेले नाहीत.

ताई दर उन्हाळ्यात तोबिदाकेच्या डोंगर-उद्यानातल्या विश्रामगृहात स्वयंपाकाला जाते. एरवी भावोजीच तिला रोपवेच्या पायथ्याशी सोडायचे आणि शरदात आणायला जायचे. यंदा ती गाठोडं उचलून एकटी बसने गेली, आणि वरून फोन करून नवऱ्याला सांगितलं, "ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उद्यान बर्फामुळे बंद होतंय. मला न्यायला या. कुणाच्या गाडीतून नाही, टॅक्सीने नाही. आगगाडी, बस, रोपवे. आलात तर मी येते. नाही आलात तर मी इथल्या मालकिणीबरोबर डोंगराच्या पलीकडे उतरते. तिच्या गरम झऱ्याच्या खानावळीत हिवाळ्याला बाई हवीच आहे."

त्यानंतर तिने मला फोन केला आणि रडली. माझी ताई रडत नाही हो, कांदा चिरतानासुद्धा कांद्यालाच दम देते. "मित्सुए, हा माणूस त्या खुर्चीतच संपून जाईल गं. मी सोडून जाते म्हटल्याशिवाय उठायचे नाहीत. आणि तरी नाहीच उठले तर मी कुठल्या तोंडाने परत येऊ? तू जा त्यांच्याबरोबर. पण मदत करायची नाही. एक शब्द बोलायचा नाही. तू बोललीस की ते सगळं तुझ्यावर टाकून मोकळे होतील. मरायला टेकले तरच तोंड उघड."

"आणि मी मरायला टेकले तर?"

"न बोलल्यामुळे कुणी मेल्याचं ऐकलं नाही मी," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

मी त्या रविवारी तोंडाला मास्क लावला. एकावर भरवसा वाटेना, म्हणून दोन लावले.

भावोजी सकाळी फाटकाशी आले तेव्हा पांढरे हातमोजे, टोपी, गळ्यात टॉवेल, सगळा सरंजाम. फाटकाच्या आत उभे राहून त्यांनी रस्ता डावीकडे पाहिला, उजवीकडे पाहिला, परत डावीकडे पाहिला. मला वाटलं, फिरतात आता मागे. पण निघाले. "तू कशाला आलीस?" मला म्हणाले. मी मास्ककडे बोट दाखवलं. "बरं झालं," ते म्हणाले, "तुझं तोंड बंद म्हणजे अर्धा प्रवास झालाच."

मूग गिळले. काय करते.

आमच्याकडच्या आगगाड्यांची दारं थंडीमुळे आपली आपण उघडत नाहीत, बाहेरचं बटण दाबावं लागतं. तान्ह्या पोरालाही हे माहीत असतं. एका डब्याची गाडी आली. भावोजी दारासमोर ताठ उभे. दारही उभं. भावोजींनी जरा खाकरून पाहिलं. मग मान लववली. दार काही लाजेना. मी इकडे नखं हाताच्या तळव्यात रुतवून उभी. शिट्टी झाली, गाडी निघून गेली, आणि भावोजी हात मागे बांधून तिला जाताना बघत राहिले, कुणाला तरी निरोप द्यायला आल्यासारखे.

"भरलेली असणार," मला म्हणाले.

डब्यात एक माणूस होता आणि तोही झोपलेला.

पुढची गाडी यायला आमच्याकडे अर्धी सकाळ जाते. ती आली तेव्हा भावोजी पुन्हा तसेच उभे. नशिबाने आत एक म्हातारी होती, मुळ्यांची जुडी घेऊन उतरणारी. तिने आतून बटण दाबलं, खाली उतरली आणि भावोजींना आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "चढायचंय, की दाराची पूजा करायचीय?"

"तुम्हाला आधी उतरू देत होतो," भावोजी म्हणाले आणि चढले. पडलो तरी नाक वर, ते हे.

कामिओ स्टेशनात उतरून बस धरायची. बस समोरच लागलेली. मागच्या दाराने चढायचं, दारातल्या पेटीतून नंबराची चिठ्ठी काढायची, उतरताना नंबर बघून तेवढं भाडं द्यायचं. भावोजी पुढच्या दाराने निघाले होते, पण चालक मुलीने नम्रपणे मागे हात दाखवला. मुलगीच होती हो, पंचविशीची, छातीवर हिराबायाशी अशी पाटी. भावोजींनी तिच्याकडे पाहिलं, स्टिअरिंगकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. मग मागून चढले, चिठ्ठी ओढली आणि एकदम खूश झाले.

"बघ मित्सुए. एक नंबर. दवाखान्यात गेलं तर कधी सतराच्या आत लागत नाही."

आमच्या मागोमाग दहा-बारा निवृत्त मास्तरांचं एक टोळकं चढलं. पाठीला पिशव्या, पिशव्यांना अस्वलं पळवायच्या घंट्या, पुढे आरामाकी नावाचे त्यांचे जुने मुख्याध्यापक. सगळे उद्यानाच्या यंदाच्या शेवटच्या दिवशी शरदातला लाल डोंगर बघायला निघालेले. हे लोक खरं तर आधीच्या बसने जाणार होते, पण स्टेशनपुढे फोटो काढताना मध्ये कुणी उभं राहायचं यावर "तुमचा मान, छे छे, तुमचाच मान" करता करता ती बस गेली होती. भावोजी सहज आरामाकी सरांच्या हातातली चिठ्ठी बघायला वाकले आणि त्यांचा चेहरा पडला.

"तुमचाही एक?"

"हो, एक," आरामाकी सर म्हणाले.

"आणि तुमचा?" भावोजींनी शेजारच्या बाईला विचारलं. तिचाही एक. सगळ्यांचाच एक. बस तिथूनच सुटणार, तर काय असणार दुसरं. भावोजी माझ्या कानाशी आले. "मित्सुए, इथे काहीतरी घोटाळा आहे. सगळ्यांचाच पहिला नंबर. मग आधी बोलावणार कुणाला?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. भावोजींना वाटलं सर्दी झाली. त्यांनी मला खिडकी लावून दिली.

ते चालकाच्या बरोब्बर मागच्या सीटवर बसले. बस घाटाला लागली आणि भावोजींचा उजवा पाय कामाला लागला. वळण आलं की पाय जमिनीत दाबायचे. डावा हात गुडघ्याशी गियर टाकायचा. समोर पाटी होती, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. भावोजी पाटी मानणारे. म्हणून ते खिडकीशी बोलायला लागले. "कुणीतरी आता खालचा गियर टाकावा," खिडकीला म्हणाले. मुलीने टाकला. तो तिने स्वतःच्या अकलेने टाकला, पण भावोजी खिडकीला म्हणाले, "शाब्बास." पुढच्या वळणावर समोरून एक वाहन आलं आणि तिला बस थोडी मागे घ्यावी लागली, तर हे अर्धवट उठून मागच्या काचेकडे बघत, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस्स." मास्तर लोक एकदम ताठ बसले. मुलीने आरशातून पाहिलं आणि हातमोज्याचा हात टोपीला लावला. भावोजींची छाती वीतभर फुगली.

त्या वेळी मला वाटलं, जमलं. आता पोचलेच. पण आमच्या लोकांचं घोडं कुठे अडेल सांगता येत नाही.

ही बस रोपवेच्या पायथ्यावरून पुढे नुकुमी गावाला जाते. ज्याला पायथ्याशी उतरायचं त्याने बटण दाबायचं, म्हणजे बस थांबते. थांब्यावर कुणी उभं नसेल आणि बटण दाबलेलं नसेल, तर सरळ पुढे. टेपवर बाईंचा आवाज आला, "पुढचा थांबा, रोपवे पायथा." आणि कुणीही हललं नाही.

मास्तरांचं म्हणाल तर प्रत्येकाला खात्री, दुसरा कुणीतरी दाबेलच. आपण पुढे होऊन दाबायचं म्हणजे आगाऊपणा. एका बाईने बोट बटणापर्यंत नेलं, मग तिला आठवलं की मुख्याध्यापक बसलेत, तिने बोट मागे घेऊन त्यांच्याकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी मान लववून तिलाच मान दिला. तिने तो शेजारच्याला दिला. शेजारच्याने मागच्याला. असा तो मान आख्ख्या बसभर फिरला आणि बटण तसंच राहिलं.

आणि भावोजी? त्यांच्या डोक्यावरच बटण होतं. मी डोळे वटारले, भुवया उडवल्या, मास्कच्या आत तोंड वेडंवाकडं केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे कुजबुजले, "कळतंय गं मला काय म्हणतेस ते. पण चालकाला कुठे थांबायचं हे मी सांगू? मला कुणी असं सांगितलं असतं तर मी खाली उतरवलं असतं त्याला."

माझं बोट माझ्याजवळच्या बटणावर होतं. पण ताईचं रडणं आठवलं आणि मी हात मांडीखाली दाबून बसले.

पायथा आला. पायथा गेला. रोपवेचा तो हिरवा डबा तारेला लटकलेला दिसला आणि झाडांमागे गेला. एक घंटा चुकून किणकिणली. मग आरामाकी सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नुकुमीसुद्धा छान आहे म्हणतात." सगळ्यांनी माना हलवल्या. हो हो, छान आहे. तिथली लोणची चांगली असतात. दहा-बारा शिकलेली माणसं, डोंगर बघायला म्हणून निघालेली, एका बटणासाठी डोंगर सोडून लोणची घ्यायला तयार झाली.

भावोजींना हे उशिरा कळलं. ते मागे वळले, लांब जाणाऱ्या तारांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. वर जाणारा शेवटचा डबा आता थोड्याच वेळात सुटणार होता. ताईने गाठोडं बांधलं असेल. मी म्हटलं, गेलं सगळं. उद्या पुन्हा ती खुर्ची, ते गॅरेज, आणि या वेळी घरात ताईसुद्धा नाही.

भावोजी उठले. चालत्या बसमध्ये उभे राहिले, टोपी काढली आणि कंबरेत वाकून चालकाला म्हणाले, "हिराबायाशीसान, मला वर माझ्या बायकोला आणायला जायचंय. उतरायचं राहिलं."

"माफ करा आजोबा," मुलगी रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "थांब्याशिवाय थांबवता येत नाही. आणि कृपा करून बसा."

"बरोबर आहे," भावोजी म्हणाले. "मीही नसती थांबवली." आणि बसले.

"पुढचा थांबा जुनी चौकी आहे. बटण दाबा, मी थांबवते."

भावोजींनी हातमोजा काढला आणि बटण दाबलं. टिंग. बसभर जांभळे दिवे लागले. त्यांनी मान वर करून ते सगळे दिवे बघितले. मग परत दाबलं. एकदा दाबलं की ते बटण पुन्हा वाजत नाही, तरी दाबलं. "हे सोपं आहे की," मला म्हणाले. मागून दहा-बारा जणांनी एकदम श्वास सोडला आणि आरामाकी सर म्हणाले, "आम्हीही इथेच उतरावं म्हणत होतो."

जुन्या चौकीशी उतरलो. उतरताना भावोजींना चिठ्ठीचा उलगडा झाला, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. आता उलट खाली चालत जायचं. रस्ता अरुंद, कडेला फुटपाथ नाही, आणि लाकडाचे ट्रक वर येतात. मास्तर लोक रस्त्याकडेला उभे राहून पुढे कोण चालणार याचा मान वाटायला लागले. भावोजींचा संयम संपला.

"एक ओळ करा," ते ओरडले. "सर, तुम्ही माझ्या मागे. बाई, तुम्ही सरांच्या मागे. मान-पान वर गेल्यावर."

आणि निघाली वरात. पुढे भावोजी, पांढरे हातमोजे हवेत. मागे घंट्या वाजवत मास्तर, बाजाराला निघालेल्या बैलांसारखे. सगळ्यात मागे मी, दोन मास्कांत घामाघूम. वळण आलं की भावोजी कान देऊन उभे राहायचे. "ट्रक आहे. भरलेला आहे. पोटं आत." दहा-बारा पोटं आत जायची. ट्रक जायचा. ट्रकवाला बघत राहायचा. "पोटं सोडा. चला." एक बाई म्हणाल्या, "मला शाळेची सहल आठवली." आरामाकी सर म्हणाले, "आपल्या सहली इतक्या शिस्तीत कधी गेल्या नाहीत." आणि ते चालता चालता हसायला लागले, मग सगळीच हसत सुटली. भावोजी सोडून. भावोजी ट्रक ऐकत होते.

पायथ्याशी पोचलो तर डब्याचं दार लागतच होतं. आणि या लोकांनी काय करावं? दारापाशी जाऊन थांबले. आधी तुम्ही, छे, आधी तुम्ही. भावोजींनी एकेकाच्या पाठपिशवीला हात लावला आणि आत लोटायला सुरुवात केली. "येऊ द्या, येऊ द्या. डावीकडे जरा. सर, वळा. आणखी मागे, आणखी, आणखी... बस्स." सगळ्यात शेवटी मला कोंबलं आणि स्वतः आले. दार लागलं. डबा सुटला.

खाली लाल-पिवळं जंगल, वर बर्फाची पहिली रेघ. सगळे "आहा" करत होते आणि भावोजींनी माझी बाही धरली होती.

"मित्सुए. हा चालवतोय कोण?"

मी आजूबाजूला बघितलं. चालक नव्हताच.

"वर कुणीतरी असेल ना मशीनवर? त्याची झोप नीट झाली असेल ना?" त्यांनी डोळे मिटले, दोन्ही पाय घट्ट रोवले. आणि मग, मला वाटतं मी उत्तर देणार नाही हे माहीत होतं म्हणूनच, ते बोलायला लागले. "परवाना दिला ना, तेव्हा वाटलं, आजपासून मी सामान झालो. दुसऱ्याने उचलायचं, दुसऱ्याने उतरवायचं. आयुष्यभर सामान वाहिलं, मला माहितीय सामानाला कुणी विचारत नाही. म्हणून बसलो त्या खुर्चीत. कुठे न गेलेलंच बरं." माझी बाही आणखी घट्ट धरली. "पण सामानाला भूक लागत नाही. मला लागलीय."

मी पिशवीतून पालेभाजी भरलेली ओयाकीची जाड भाकरी काढून त्यांच्या हातात दिली. डोळे मिटूनच खाल्ली त्यांनी.

वर पोचलो तेव्हा विश्रामगृहाची दारं फळ्या ठोकून बंद करत होते. पलीकडे उतरणारी बस उभी, मालकीण दारात. ताई पायरीवर बसून गाठोडं बांधत होती.

"सादाएसान, आता खरंच निघायला हवं," मालकीण म्हणत होती. "चौथ्यांदा बांधताय."

"गाठ सुटतेय," ताई म्हणाली. तेवढ्यात तिने मान वर केली आणि समोर टोपी, टॉवेल, पांढरे हातमोजे. मागे घंट्यांचा कल्लोळ.

"उशीर केलात," ती म्हणाली.

"बस पुढे गेली."

"पुढे कशी जाईल?"

"बटण दाबलं नाही कुणी."

"तुम्हाला हात नव्हते?"

"दाबलं नंतर," भावोजी म्हणाले. "सोपं असतं ते."

ताईने गाठोडं खाली टाकलं, कंबरेचं फडकं सोडलं, त्याने भावोजींच्या छातीवर दोन फटके मारले आणि तिसऱ्याला तोंड त्याच फडक्यात खुपसून रडायला लागली. भावोजी "अगं, लोक आहेत, अगं, मुख्याध्यापक आहेत" करत उभे. आरामाकी सरांनी आपल्या सगळ्या लोकांना दुसरीकडचा डोंगर दाखवला. मालकीण मान हलवत आपल्या बसमध्ये जाऊन बसली.

"हिने मदत केली का काही?" ताईने डोळे पुसत माझ्याकडे बोट केलं.

"ही? हिच्यापेक्षा गाडीतल्या त्या म्हातारीचे मुळे बरे होते. असली मेहुणी वैऱ्याला मिळू नये."

मी दोन्ही मास्क काढले. दिवसभराचं साठलेलं होतं, म्हटलं आता सोडत नाही. तोंड उघडलं आणि नुसता खोकला आला.

उतरताना डब्यात भावोजी ताईला सांगत होते, "घाटात तिसऱ्या वळणावर धबधबा आहे. तुला माहीत होतं? एवढा मोठा. आज दिसला."

"तुमच्या शेजारी बसून मी तो इतकी वर्षं बघतेय."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगायचे की. तुम्ही म्हणायचात, गप्प बस, मी पुढे बघतोय."

खाली परतीची शेवटची बस लागली होती, हिराबायाशीचीच. मी म्हटलं हे परत तिच्या मागच्या सीटवर जाऊन गियर टाकणार. पण ते सरळ मध्ये गेले, दोघांच्या सीटपाशी थांबले आणि ताईला म्हणाले, "खिडकी तुला की मला?" ताई गडबडली. तिला हा प्रश्न लग्नापासून कुणी विचारलेला नव्हता. शेवटी भावोजी खिडकीशी बसले, धबधबा बघायचा म्हणून. मी मागच्या सीटवर.

दोन वळणं झाली आणि त्यांचं डोकं ताईच्या खांद्यावर आलं. तोंड उघडं, टोपी वाकडी, घोरणं सुरू. धबधबा आला आणि गेला. ताईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही, ती त्यांच्याकडेच बघत होती.

"उठवू का? धबधबा गेला," मी पुढे वाकून विचारलं.

"नको गं," ताई म्हणाली. "लग्न झालं तेव्हा हे रात्री-अपरात्री माल घेऊन जायचे. मी बरोबर जायची. गाणी म्हणायची, चिमटे काढायची, आंबट लोणचं तोंडात कोंबायची. मला वाटायचं, मी पेंगले की हेही पेंगतील आणि गाडी दरीत. पुढे मी घरी राहायला लागले, तरी हे रस्त्यावर असले की मला झोप यायची नाही. हा माणूस गाडीत झोपलेला मी आज पहिल्यांदा बघतेय, मित्सुए."

कामिओला बस थांबली. मास्तर लोक घंट्या मुठीत धरून, चवड्यांवर उतरले. हिराबायाशीने इंजिन बंद केलं, मागे वळून पाहिलं आणि जेवणाच्या डब्यातला भाताचा गोळा काढून पायरीवर खात बसली. मी ताईला विचारलं, खांदा दुखत असेल ना.

"पार मेलाय खांदा," ताई म्हणाली. "पण झोपू दे त्यांना. आता रस्ता कुणीतरी दुसरं बघतंय."